अक्षताच्या टेबलाजवळची दुसरी खुर्ची

साकीनाक्याच्या एका गल्लीत दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज चालू असतो. त्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर बाळशेठ नाईकांचं लिफ्ट दुरुस्तीचं ऑफिस आहे. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत तीनशेच्या वर इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे आहेत. त्यातल्या एखाद्या लिफ्टमध्ये कुणी अडकलं, की आत चिकटवलेल्या नंबरावर फोन करतं आणि तो फोन अक्षता घाडी उचलते. गेली अकरा वर्षं तीच उचलते.

अक्षताला दिसत नाही. पाच वर्षांची असताना तापात दृष्टी गेली, आता ती छत्तीसची आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फोनवरच्या लोकांना ते कधी कळत नाही, आणि समोरच्यांना कळलं की मग त्यांना तिच्यातलं दुसरं काही दिसतच नाही.

तिच्या एका कानाला फोन असतो आणि दुसऱ्या कानात कॉम्प्युटर. म्हणजे स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याचा आवाज. अक्षता त्याला गुरुजी म्हणते. गुरुजींना तिने इतक्या वेगात बोलायला लावलंय, की बाजूला बसणाऱ्या श्रुतिकाला ती डासाची भुणभुण वाटते. तक्रारीच्या फॉर्मवर कुठे काय आहे हे मात्र अक्षता गुरुजींना विचारतही नसे. तिला ते बोटांनी पाठ होतं. टॅबचं बटण तीनदा दाबलं की इमारत. पाचदा, तक्रार. आठदा, मेकॅनिक. अकरा टॅब आणि एंटर, की मेकॅनिकच्या मोबाइलवर पत्ता गेलासुद्धा. फोनवरचा माणूस रडारड संपवून श्वास घेईपर्यंत इकडे माणूस निघालेला असायचा. बाळशेठ पाहुण्यांना मुद्दाम तिच्या टेबलाशी आणून उभे करत आणि बघा म्हणत. अक्षताला त्याचा राग यायचा आणि थोडं बरंही वाटायचं.

असं सगळं झकास चाललेलं असताना जुन्या सिस्टिमचे दिवस भरले. तिला यापुढे सुरक्षा मिळणार नाही, नवी घ्या, अशी सूचना महिनाभर स्क्रीनवर येत होती. बाळशेठ ती रोज बंद करत. शेवटी एका बुधवारी विकीला बोलावलं. विकी म्हणजे ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणारा कंत्राटदार. वय चाळीस, खिशात तीन मोबाइल आणि तोंडात कायम ‘दोन मिनिटं’. त्याने सकाळी दहाला हात घातला आणि दुपारी चारला सगळे कॉम्प्युटर नवे करून टाकले. जोडीला तक्रारीचा प्रोग्रॅमही नवा आला, कारण जुना या नव्या सिस्टिमवर चालेना.

मग ऑफिसात जी बोंबाबोंब झाली ती विचारू नका. प्रिंटरने ओळख दाखवायची सोडली. श्रुतिकाच्या स्क्रीनवरचं खालच्या कोपऱ्यातलं सगळं सामान उठून मधोमध येऊन बसलं. बाळशेठना पासवर्ड सोडून चेहरा दाखवा म्हणून सांगण्यात आलं, आणि चेहरा दाखवला तर तो पसंत पडला नाही. वर, कोपऱ्यात हवामान दिसायला लागलं, जे त्यांनी मागितलं नव्हतं.

अक्षताचा कॉम्प्युटर मात्र एक शब्द बोलेना.

“विकी, माझे गुरुजी कुठायत?”

“कोण गुरुजी?”

“वाचणारा प्रोग्रॅम रे.”

“अच्छा, तो? जुना होता मॅडम, नव्यावर चालत नव्हता. काढून टाकला. तसं स्क्रीनवर सगळं एकदम क्लिअर दिसतंय.”

विकीला आपण काय बोललो ते कळलं आणि तो खोकला. अक्षताला हसू आलं नाही. अकरा वर्षांचा सोबती कुणी न विचारता केराच्या टोपलीत टाकला होता, आणि टाकणाऱ्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

“नवीन व्हर्जन येतं त्याचं, फुकट आहे, नाव सांगते, टाक,” ती म्हणाली.

“मंगळवारी येतो ना, दोन मिनिटांचं काम.”

“आज.”

विकी तोवर जिना उतरला होता. अक्षताने त्याला फोन केला. मग पुन्हा केला. अकराव्या फोनला तो परत आला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत त्याने तो प्रोग्रॅम टाकून दिला. गुरुजी बोलायला लागले. आवाज वेगळा होता, जरा नाकातला. चालेल, अक्षताने मनाशी म्हटलं. माणूस तोच आहे, सर्दी झालीय.

गुरुवारी सकाळी वीज दोनदा गेली आणि आली. वीज अशी खेळली की लिफ्ट अडकतात, त्यामुळे सव्वादहाला फोनची रांग लागली. पहिला फोन मुलुंडच्या गिरिकुंजमधून होता, लिफ्ट तळमजल्यावर बंद, आत कुणी नाही. तो अक्षताने हळूहळू, गुरुजींचं ऐकत ऐकत नोंदवला. लगेच दुसरा आला. मरोळचं स्टेला अपार्टमेंट, तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकलेली, आत एक म्हातारी बाई एकटी. तिसरा फोन मागे वाजतच होता. अक्षताची बोटं घाईला आली. गुरुजी काही सांगू लागले, त्यांचं तोंड तिने मधेच बंद केलं. तीन टॅब, स्टेला. अकरा टॅब, एंटर. इतकी वर्षं केलं तसंच.

नव्या फॉर्ममध्ये इमारतीच्या आधी एक रकाना वाढला होता. फोन करणाऱ्याचा मोबाइल नंबर लिहायचा. तिसरा टॅब आता त्या रकान्यावर थांबत होता. स्टेला हे नाव तिथे जाऊन बसलं. इमारतीच्या जागी आधीच्या तक्रारीतलं गिरिकुंज तसंच राहिलं, आणि पुढचं सगळं एकेका घराने सरकलं. हेडमेकॅनिक गिल्बर्टच्या मोबाइलवर दुसऱ्यांदा मुलुंडचाच पत्ता गेला. पत्ता पुन्हा आला म्हणजे काम तातडीचं असावं असं समजून त्याने स्कूटरला किक मारली.

अक्षता तोवर लिफ्टमधल्या बाईंशी बोलत होती. त्यांचं नाव शेवंती सावंत, वय बहात्तर. दूध आणायला खाली निघाल्या होत्या.

“हय पुरो काळोख आसा गो,” त्यांचा आवाज थरथरत होता. “माका कायच दिसणा नाय.”

अक्षताच्या घरी हीच बोली. तिचे आजोबा मालवणाकडून गिरणीत आले ते इथलेच झाले. ती पटकन म्हणून गेली, “माकाव दिसणा नाय, मावशी. पाच वर्षांची होतंय तेव्हापासून. काळोखात काय एक होवचा नाय. खाली बसा, भिंतीक टेका आणि माझ्याशी बोला.”

शेवंतीबाईंनी विचारलं, “खरा सांगतंस?” आणि त्या खाली बसल्या. माशाचे भाव झाले, सुनेचे गुडघे झाले, लिफ्टचा मेंटेनन्स खाणाऱ्या सेक्रेटरीचा उद्धार झाला. पंचवीस मिनिटं झाली तरी कुणी येईना, तेव्हा अक्षताने दुसऱ्या फोनवर गिल्बर्टला गाठलं.

“कुठे पोचलात अंकल?”

“मुलुंडला. गिरिकुंजची लिफ्ट तर कधीच चालू झाली गो. वॉचमन मला येडा समजतोय.”

स्टेलाचा पत्ता गेलाच नव्हता, हे अक्षताला कळलं. तिने चकाल्याला असलेल्या दुसऱ्या मेकॅनिकला, खंडूला पळवलं. खंडूने दार उघडलं तेव्हा शेवंतीबाईंना आत बसून पाऊण तास उलटला होता. त्याआधीच अक्षताने त्यांना सांगून टाकलं होतं. “चूक माझी आहे मावशी. मी माणूस दुसरीकडे पाठवला.” कारणं तिने दिली नाहीत. नवी सिस्टिम, वाढलेला रकाना, हे काळोखात बसलेल्या बाईला कशाला सांगायचं?

दुपारी स्टेलाच्या सेक्रेटरीचं पत्र आलं. एवढी हयगय पुन्हा झाली तर कंत्राट दुसऱ्याला देऊ, असं त्यात होतं. बाळशेठ अक्षताच्या टेबलाशी आले. ते वाईट माणूस नव्हते. ते इतक्या मायेने बोलले की अक्षताला आधीच कळलं, आता काहीतरी काढून घेणार आहेत.

“अक्षता, तू फोन घे. तुझ्यासारखं कुणी बोलत नाही लोकांशी. फक्त ते फॉर्मचं काम श्रुतिका करेल. तू सांगायचं, तिने भरायचं. तुझाच भार हलका.”

आणि तिच्या उजव्या हाताला त्यांनी एक खुर्ची आणून ठेवली.

अक्षता मूर्ख नव्हती. आज ती सांगणार आणि श्रुतिका भरणार. महिन्याने श्रुतिकाच फोन घेणार, कारण एका कामाला दोन बायका कशाला? मग बाळशेठ पुन्हा तितक्याच मायेने येणार. अंध शाळेतल्या तिच्या तीन मैत्रिणी अशाच मायेने घरी बसल्या होत्या.

“सोमवारपर्यंत द्या, शेठ. सोमवारी चुकलं तर मी स्वतः सांगेन, खुर्ची राहू दे.”

“बरं, सोमवार,” बाळशेठ म्हणाले. पण खुर्ची त्यांनी तिथेच ठेवली.

शुक्रवारभर श्रुतिका त्या खुर्चीत बसली. पोरगी चांगली होती. पण अक्षताने सांगायचं, तिने ‘हां ताई, थांबा, कुठे गेलं ते’ म्हणत माऊस फिरवायचा, आणि फोनवरच्या माणसाने वैतागायचं, यात दिवस गेला. पाणी प्यायला उठताना अक्षता त्या खुर्चीला चार वेळा धडकली. अकरा वर्षं जिथे मोकळी वाट होती तिथे आता लोखंडी पाय होते.

घाटकोपरच्या घरी आई, सुगंधा, चपात्या लाटत म्हणाली, “फोन तर फोन. पगार तोच आहे ना? कशाला जिवाला लावून घेतेस?”

“आई, तुला उद्या कोणी म्हटलं, तू फक्त सांग, लाटेल दुसरी, तर?”

आईने लाटणं थांबवलं. “लाटू देईन की,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, “एक दिवस,” असं म्हणाली.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर ऑफिस रिकामं झालं आणि अक्षता बसून राहिली. नवे टॅब मोजायला घेतले. चार, इमारत. सहा, तक्रार. नऊ, मेकॅनिक. तासाभरात पाठ झाले, कारण मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि तिथेच ती थबकली. उद्या आणखी एक रकाना वाढला तर? विकीनेच सांगितलं होतं, आता अपडेट सारखे येत राहणार, विचारून येणार नाहीत. म्हणजे दर वेळी कुणीतरी काळोखात बसणार आणि मग हिला कळणार की आकडा बदलला. चूक एका आकड्याची नव्हतीच. चूक मोजण्याची होती. ज्याचा तिला एवढा अभिमान होता तीच गोष्ट टाकायला हवी होती, आणि या विचाराने तिला खरोखर रडू आलं.

गिल्बर्ट हत्यारं ठेवायला आला होता. मरोळ गावठाणातला हा माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, चाळीस वर्षं लिफ्टमध्ये गेलेली. त्याने तिच्यासमोर चहाचा ग्लास ठेवला आणि स्टूल ओढून बसला.

“माझं पण असंच झालेलं बाय. पूर्वी मशीनरूममध्ये विजेचे रिले खटखट वाजायचे. मी दारात उभा राहून सांगायचो, चौथा रिले गेला. न उघडता! मग ते इलेक्ट्रॉनिक बोर्ड आले. मुके. काय वाजत नाय, काय नाय. बायकोला, लूर्डसला बोललो, आपलं संपलं, आता पोपट विकतो.”

“मग?”

“पोपट महाग होते.” तो हसला. “मीटर घेऊन बसलो. एकेक तार, एकेक तार. हळू झालो दोन वर्षं. पोरं पुढं जायची. पण नंतर बोर्ड कितीपण बदलू दे, मला फरक पडेना. मी बोर्ड पाठ करत नव्हतो ना. वीज कुठं पोचली ते विचारत होतो.”

अक्षताने डोळे पुसले आणि ती चहा प्यायली. मग तिने गुरुजींचा वेग निम्म्यावर आणला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. रकान्याचं नाव लिहून थेट तिथे उडी मारायची सोय नव्या गुरुजींमध्ये होती, ती तिने शोधली. आता नियम एकच. नाव ऐकल्याशिवाय अक्षर टाकायचं नाही आणि पत्ता पूर्ण वाचून घेतल्याशिवाय एंटर मारायचं नाही. बोटं ऐकेनात. ती सवयीने पुढे पळत आणि अक्षता त्यांना ओढून मागे आणी. शिकलेलं विसरणं शिकण्यापेक्षा जड जातं, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून गिल्बर्ट पुन्हा आला. तो आतल्या खोलीत जाऊन फोन लावायचा आणि अक्षताने तक्रार घ्यायची. तो कधी रडणारी बाई झाला, कधी ओरडणारा सेक्रेटरी, कधी वॉचमन. बाईच्या आवाजात तो इतका वाईट रडला की अक्षताचं पहिलं नाव हसण्यात चुकलं. दुपारपर्यंत सतरा लिफ्ट बंद पडून झाल्या. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि गोवंडीहून खंडू घामाघूम होऊन आत आला.

“काय भूकंप झाला काय? माझ्या मोबाइलवर सकाळपासून सतरा लिफ्ट बंद! दोन ठिकाणी जाऊन आलो मी!”

सरावाच्या तक्रारी खऱ्या मोबाइलवर जातात हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. गिल्बर्टने कपाळावर हात मारला. पण अक्षताने एकच विचारलं, “कुठल्या दोन ठिकाणी?” खंडूने सांगितलं. दोन्ही पत्ते बरोबर होते. मग खंडूने सतरा पत्ते एकेक करून वाचले आणि सतराही बरोबर निघाले. त्याला वडापाव खायला घालून शांत केलं आणि तोही फोन करायला बसला. संध्याकाळी अक्षता निघाली तेव्हा एका तक्रारीला तिला पूर्वीपेक्षा दहा सेकंद जास्त लागत होती. ती दहा सेकंद तिने स्वतःला देऊन टाकली.

सोमवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू केले तर सगळ्यांच्या स्क्रीनवर ‘थांबा, बंद करू नका’ असं लिहून आलं आणि वीस मिनिटं आकडा सरकत राहिला. अपडेट. प्रोग्रॅम उघडला तो पुन्हा नवाच. मेकॅनिक वर गेला होता, इमारत खाली आली होती. श्रुतिकाने अक्षताच्या उजव्या हाताची खुर्ची ओढली, पण अक्षता म्हणाली, “आज तू तुझ्या जागेवर. दोघी घेऊ.”

दहाला फोन सुरू झाले. श्रुतिकाने पहिली तक्रार भरली आणि शुक्रवारी जिथे जतन करायचं बटण होतं तिथे क्लिक केलं. तिथे आता ‘रद्द’ होतं. दुसऱ्या तक्रारीलाही तेच झालं. “अगं, इथंच तर होतं!” ती ओरडली. तिचे डोळे चांगले होते. पण हात जागा पाठ करून बसला होता, आणि हात काही डोळ्यांना विचारायला गेला नाही. बाळशेठ धावत आले आणि तिच्या मागे उभे राहून तेही तेच बटण शोधायला लागले.

अक्षताच्या कानात फोन वाजला.

“स्टेलामधून बोलतंय. शेवंती सावंत.”

अक्षताने घाईने विचारलं, “मावशी, तुम्ही परत आत?”

“मी नाय गो! मी भायर आसंय.” शेवंतीबाईंच्या आवाजात आनंद मावत नव्हता. “आत आमचो सेक्रेटरी आसा. दोन मजल्यांच्या मध्ये. बोंबलता बघ कसो. पण बायो, त्या दिवशीसारखो उशीर करू नको हां, म्हातारी आई आसा त्याची.”

अक्षताने टेबलावर दोन्ही हात सपाट ठेवले. इमारत, गुरुजी म्हणाले. स्टेला अपार्टमेंट, मरोळ. तक्रार. मेकॅनिक. तिने खंडूचं नाव घातलं, कारण तो मरोळ नाक्यावर होता. मग थांबली. शेवंतीबाई पलीकडून घाई करत होत्या, आतला माणूस दार बडवत होता, दुसरा फोन वाजत होता, आणि तिचं बोट एंटरवर टेकून वळवळत होतं. ती थांबली. गुरुजींनी पत्ता शेवटपर्यंत वाचला. मग तिने एंटर मारलं.

“निघाला माणूस, मावशी. सेक्रेटरींना सांगा, खाली बसा आणि भिंतीला टेका.”

“सांगतंय,” शेवंतीबाई म्हणाल्या. “थोड्या वेळान सांगतंय.”

नवव्या मिनिटाला खंडूचा फोन आला, दार उघडलं, माणूस बाहेर, शर्ट भिजलेला आहे पण बरा आहे. अक्षताने तक्रार बंद केली आणि पुढचा फोन घेतला. तो संपवून वळली तर मागे बाळशेठ उभे होते. त्यांच्या चपलांचा आवाज तिला ओळखू येतो. ते बराच वेळ तिथे असावेत.

“श्रुतिकाच्या दोन तक्रारी रद्द झाल्या,” ते हळूच म्हणाले. “जतनचं बटण सापडेना कुणाला. कितवा टॅब आहे गं तो?”

“माहीत नाही शेठ. मी मोजत नाही आता.”

अक्षता उठली. उजव्या हाताने चाचपडत तिने त्या खुर्चीची पाठ पकडली आणि फरशीवरून ओढत, कर्रकर्र आवाज करत, श्रुतिकाच्या टेबलापर्यंत नेली. सगळं ऑफिस बघत होतं. खुर्ची तिथे नीट लावून ती स्वतः तिच्यात बसली.

“श्रुतिका, हात माऊसवरून काढ. आधी काय लिहिलंय ते मला वाचून दाखव.”